चार बोटांचा फरक

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मी नवरीच्या शालूसकट पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात पडले होते आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते. वरात पैनगंगा ओलांडून सांगवीच्या वाटेला लागली होती. नदीच्या पलीकडे वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी मुलखात, माझं माहेर. अलीकडे निजामाच्या राज्यात, आदिलाबादच्या बाजूला, सासर. नदीपर्यंत माझी दमणी, म्हणजे बसायची छपराची हलकी बैलगाडी, कशी अलगद चालली होती. नदी ओलांडली आणि ती एका अंगाला कलली. कलली ती कललीच. कोसभर मी एका हाताने मुंडावळ्या आणि दुसऱ्या हाताने दांडी धरून बसले, आणि शेवटी एका वळणावर दमणी सरळ आडवी झाली. भाऊ धावला, नवरदेव धावले, वाजंत्री वाजवायचे थांबले. सासरे मात्र उलटलेल्या दमणीपाशी उकिडवे बसून दोन चाकांमधलं अंतर वितीने मोजत होते. मोजणी पुरी झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"चार बोटं," ते म्हणाले. सासऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेले पहिले शब्द हे.

प्रकार असा होता. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बंड्यांच्या, म्हणजे माल वाहायच्या उघड्या बैलगाड्यांच्या, चाकांनी गुडघाभर खोल चाकोऱ्या पडतात आणि उन्हं तापली की त्या दगडासारख्या घट्ट होतात. मग गाडीने मुकाट त्या चाकोरीतूनच चालायचं. आता वऱ्हाडातले सुतार दोन चाकांत जे अंतर ठेवतात ते आमच्या बाजूच्या सुतारांपेक्षा चार बोटं जास्त. कोणी ठरवलं, का ठरवलं, देव जाणे. पण तिकडची गाडी इकडे आली की एक चाक चाकोरीत आणि दुसरं काठावर, अशी लंगडत चालते. सुनेला थाटात आणायचं म्हणून सासऱ्यांनी वऱ्हाडातल्या कुणा वकिलाची जुनी दमणी मुद्दाम विकत घेतली होती. लाकूड पाहिलं, लोखंड पाहिलं, वकिलाचं कूळसुद्धा पाहिलं. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजणारा हा माणूस, चाकांमधलं अंतर तेवढं मोजायला विसरला.

माझं डावं मनगट त्या दिवशी मोडलं. हाडवैद्याने बांधलं, पण ते किंचित वाकडंच बसलं. अजूनही भाकरी थापताना ते बोलतं. सासऱ्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि माझ्या भावाला म्हणाले, "पाहुने, हे माह्या गाडीनं झालं. आता माह्या मनासारखी गाडी भेटल्याबिगर मी तुमच्या बहिनीले सांगवीच्या बाहेर हलवत नाई." भावाने हात जोडले. त्या बिचाऱ्याला वाटलं, केवढा जबाबदार माणूस. मलाही तेव्हा तसंच वाटलं. ती शिक्षा सासऱ्यांना नसून मला झाली आहे, हे पुढच्या पोळ्यापर्यंत माझ्या ध्यानात आलं नाही.

सगळं गाव त्यांना आबाजी म्हणे. मी मामाजी म्हणत असे, पण इथे आबाजीच लिहिते, म्हणजे मला जरा मोकळेपणाने चिडता येईल. ते सांगवीचे पटवारी. अंगाने काडी, मिशा पांढऱ्या, धोतर स्वच्छ. पण त्या धोतराच्या मागच्या बाजूला कायम वंगणाचा काळा डाग, कारण दुसऱ्याच्या गाडीखाली शिरल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. पाहुणा ओट्यावर बसून चहा पीत असे आणि आबाजी अंगणात त्याच्या बंडीखाली आडवे. कचेरीची उर्दू त्यांच्या जिभेत इतकी मुरली होती की घरातही त्यांचे निकालच चालत. भाजी चाखून "मीठ मुनासिब हाये" म्हणायचे, म्हणजे मीठ बेताचं आहे. बाजारात वांगी आणायला पाठवलं तर रिकामी पिशवी घेऊन परत यायचे आणि सांगायचे, "मुआयना केला. नामंजूर." मुआयना म्हणजे कसून तपासणी. नामंजूर म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी पुन्हा डाळच.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यामुळे आबाजींना "पुरे" म्हणणारं घरात कोणी नव्हतं. आमचे हे तर त्यांच्यासमोर मान डोलवण्यापलीकडे काही करत नसत. त्यात एकदा ते पोळलेले. मांडवपरतणीला मी माहेरी जाऊन आले ती शेजाऱ्याच्या बंडीतून, आबाजी तहसिलीला गेलेले असताना. परत आल्यावर आबाजींना ते समजलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. पोळा सरून महालक्ष्म्या बसेपर्यंत मुलाशी बोलले मात्र नाहीत. त्यानंतर बंडीचं नाव काढायची यांची छाती झाली नाही.

"बंडीत कापूस जाते," आबाजी म्हणत. "सून नाई जात."

मग दमणी घ्या ना. नवी करून घ्या, रानात सागवानाला काय तोटा आहे. पण नव्या गाडीवर त्यांचा विश्वास नव्हता. "नवी गाडी म्हंजे नवी नवरी. तिची खोड अजून तिले सोताले ठाऊक नाई," असं ते माझ्यादेखत सांगत. जुनीच घ्यायची, आणि जुनी घेताना गाडी पाहायची नाही, ती ज्या वाटेने चालली ती वाट पाहायची. "वाट खराब अन् गाडी साबूत, तं गाडी खरी. वाट साजरी अन् गाडी साजरी, तं गाडीचं काय कौतुक?" त्यांचं आणखी एक सांगणं होतं: "जे गाडी एकदाबी मोडली नाई तिचा भरोसा नाई. मोडून, बसून, मंग चालली, तिले इचारा." हे म्हणताना त्यांची नजर माझ्या मनगटाकडे जाई. मला ते दिसे, आणि तरीही मला त्यांचा राग येई.

आदिलाबादच्या एका निवृत्त पेशकारसाहेबांची दमणी विकायची आहे असं कळलं तेव्हा मी मनातल्या मनात ट्रंक भरली. लाल गाद्या, पितळी घुंगरं, अंतर आमच्या चाकोरीचं. आबाजी आणि हे पहाटे निघाले. सोबत आमची पितळी घागर. ही घागर म्हणजे आबाजींची खास परीक्षा. ती काठोकाठ भरून मांडीवर घ्यायची, गाडीत बसायचं, गाडीवानाला म्हणायचं हाक, आणि शेवटी घागरीत किती बोटं पाणी उरलं ते पाहायचं. उरलेलं पाणी गाडीचा गुण, सांडलेलं आबाजींच्या धोतरावर. आदिलाबादच्या भर बाजारातून हा माणूस मांडीवर घागर घेऊन, कमरेखाली ओलाचिंब होऊन गेला, आणि बाजारातली माणसं दुकानाच्या पायऱ्यांवर उभी राहून पाहत होती. हे सांगताना आमच्या यांचे कान लाल झाले होते.

पाणी फारसं सांडलं नाही. पेशकारसाहेब खूश होऊन म्हणाले, "देखो पटवारीसाब, इसमें हमको कभी झटका नहीं लगा."

"लगता कैसा साब? सडक थी ना," आबाजी म्हणाले.

घरी येऊन त्यांनी मला निकाल सांगितला. "घरून कचेरीत गेली, कचेरीतून घरी आली. इले जगाचं काय ठाऊक हाये? नामंजूर." मी ट्रंकेतून लुगडी काढून पुन्हा दांडीवर टाकली. मग उटनूरकडची एक पाहिली. तिला डोंगर ठाऊक होता, चिखल ठाऊक नव्हता. एकीला चिखल ठाऊक होता, पण तिचा मालक बैलांना फार मारत असे, म्हणून ती नामंजूर. यात गाडीचा काय दोष, हे विचारायची सोय नव्हती. माहेरच्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणत असतील, मी इथे चुलीपुढे तीच गाणी एकटी गुणगुणत असे, आणि आबाजी ओट्यावरून विचारत, "सूनबाई, सूर काऊन पडला?"

अशी दोन वर्षं गेल्यावर बांगड्या भरणारी कासारीण पलीकडून निरोप घेऊन आली. माझ्या आईचे डोळे चालले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आता तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, ताटातला खडा दिसत नव्हता, माणूस अगदी जवळ आलं तरच चेहरा कळत होता. तिने सांगून पाठवलं होतं, "दिसते तोपर्यंत एकदा तोंड दाखवून जाय म्हना."

मी तो निरोप जसाच्या तसा आबाजींना सांगितला. ते मिशीला हात लावून बसले. त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसत होतं. वाईट वाटलेला दुसरा कोणी असता तर उठून शेजाऱ्याची बंडी जुंपायला निघाला असता. आबाजी म्हणाले, "मंग तं घाई हाये. घाई हाये म्हंजे जास्त नीट पाह्य लागते." आणि खरोखरच त्या दिवसापासून ते गाड्या पूर्वीपेक्षा जास्त सावकाश तपासू लागले.

दिवाळी झाली. आमच्याकडून कोणी येत नाही असं पाहून भाऊच मला न्यायला आला, त्यांची बंडी घेऊन. बंडीत त्याने गुडघाभर कडबा अंथरला होता, त्यावर दोन गोधड्या, वर तट्ट्याची सावली. चार बोटांचं त्यालाही ठाऊक होतं, म्हणून या बाजूला आल्यावर तो चाकोरी सोडून वावरावावरांतून, बांध चुकवत, सारा दिवस हळूहळू आला होता. आईने माझ्यासाठी लुगडं पाठवलं होतं. हाताने चाचपून निवडलं होतं म्हणे. मी ते नेसूनच बाहेर आले. ट्रंक हातात होती.

आबाजी बंडीच्या खाली होते.

"चार बोटं," खालून आवाज आला.

"वावरातून नेतो ना मी, मामाजी," भाऊ म्हणाला. "आलो तसाच जातो. बैल चालवत नाई, मीच पायी चालतो पुढं."

"अन् नाल्यात? नाल्यात वावर कुठी हाये? तिथं एकच वाट हाये." ते बाहेर आले, धोतर झटकलं. "पाहुने, तुमचा भरोसा हाये मले. तुमच्या चाकाचा नाई. एक डाव मोडली पोरगी. आता नाई."

मी सासऱ्यांसमोर तोवर वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. ट्रंक खाली ठेवली आणि म्हटलं, "मामाजी, मंग असं करा. नदीपर्यंत आपल्या बाजूची गाडी. नदीच्या पल्याड दादाची. जिथली चाकोरी, तिथली गाडी. याच्यात एवढं पाह्याचं काय हाये? तिकडं माह्या मायचे डोळे चालले."

आमचे हे जमिनीकडे पाहत होते. आबाजींनी मिशी ओढली, आकाशाकडे पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "तजवीज ठीक हाये तुह्यी. पन आपल्या बाजूची गाडी अजून मंजूर व्हाची हाये. अन् पल्याड बंडीच हाये. दरखास्त दाखल करून घेतो."

दरखास्त, म्हणजे अर्ज, दाखल झाली की पुढे तिचं काय होतं, हे निजामाच्या राज्यात राहणाऱ्या माणसाला सांगावं लागत नसे. भाऊ तशीच कडब्याची गादी घेऊन परत गेला. मी वेशीपर्यंत त्याच्यासोबत चालले. आईला काय सांगू, असं त्याने विचारलं. मी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मागे वळले. त्यानंतर कितीतरी दिवस मी आबाजींना वेळेवर वाढलं, गरम वाढलं, पण एक शब्द बोलले नाही. ते रोज घास घेऊन म्हणत, "मीठ मुनासिब हाये," आणि मी आत निघून जाई. मीठ मी मुद्दाम कमी घालत होते.

पौषात आबाजी केसलापूरला नागोबाच्या जत्रेला गेले. इंद्रवेल्लीजवळची ही जत्रा; रानातल्या साऱ्या वाटांनी गाड्या तिथे येतात. लोक देवाला जातात, आबाजी गाड्यांना गेले. यांना सोबत घेऊन ते उतरणीवर एका झाडाखाली बसले आणि येणाऱ्या गाड्यांतून उतरणारी माणसं पाहू लागले. "गाडीकडं नको पाहू," ते यांना म्हणाले. "उतरताना कंबरेले हात कोन लावते थे पाह्य." येणारा प्रत्येक जण कंबर धरत होता. दुपारी एका जुन्या, चटईच्या छपराच्या छकड्यातून एक म्हातारी उतरली, तिने कंबरेला हात लावला नाही, पाठ सरळ केली नाही, लगेच पाणी आणायला चालू लागली. आबाजी उठले.

छकडा उटनूरजवळच्या एका गोंड शेतकऱ्याचा होता. कणा एकदा तुटून नवा बसवलेला, चाकं बाभळीची, अंतर आमच्या चाकोरीचं. आबाजी खाली शिरले ते उन्हं कलेपर्यंत बाहेर आले नाहीत. मालक शेजारी बिडी ओढत बसला होता. शेवटी तो म्हणाला, "पटवारी, गाडी घेऊन राह्यले का सोयरीक करून राह्यले? एवढं तं आमी पोरगीबी पाहत नाई."

"सुनेसाठी हाये," खालून आबाजी म्हणाले.

"मंग पाहा निवांत," मालक म्हणाला, आणि त्याने दुसरी बिडी पेटवली.

एवढ्यावर संपलं असतं तर ते आबाजी कसले. गाडीच्या गावची वाट पाहायची राहिली होती. जत्रा उलगल्यावर ते त्या छकड्यात बसून थेट त्याच्या गावी गेले, घागर मांडीवर घेऊन. हे एकटे घरी आले. आठवडा गेला तरी आबाजींचा पत्ता नाही. मला वाटलं, आता आबाजी रानातच वस्ती करतात. आले ते छकडा घेऊन. दारात उभे राहून म्हणाले, "मंजूर." तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला हसू आलं, रडूही आलं, आणि मी ट्रंक काढली.

"थांब," ते म्हणाले. "हे अर्धी झाली."

कारण आता नदीपलीकडची गाडी पाहायची होती. होळी आली, गेली. आबाजी पलीकडच्या आठवडी बाजाराला जाऊ लागले. एका तेलवाल्याची गाडी त्यांच्या मनात भरली. ती जन्मभर तेलाचे बुधले घेऊन गावोगाव हिंडलेली, पलीकडच्या चाकोरीची, छपराची. मुआयना चालू असताना तेलवाल्याने नवी गाडी करायला टाकली, ती झाली, आणि मग कुठे जुनी सुटली. पलीकडच्या काठावर त्याच्याच अंगणात ती ठेवायची ठरली. आबाजी घरी येऊन ओट्यावर बसले आणि मला बोलावून म्हणाले, "ज्या गाडीत तेल सांडत नाई, तिच्यात सून सांडत नाई. मंजूर." आणि मग वर म्हणाले, "सूनबाई, मी एक तजवीज काहाडली. नदीपर्यंत आपल्या बाजूची गाडी, पल्याड पल्याडची. जिथली चाकोरी, तिथली गाडी. कशी वाटते?"

माझ्या हातात लाटणं होतं. मी ते खाली ठेवलं, एवढंच. यांनी मान डोलवली.

आम्ही तिघं निघालो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. नदीपर्यंतचा प्रवास, खरं सांगायचं तर, मी झोपेत केला. त्या चाकोऱ्यांतून झोप लागावी अशी गाडी मी त्याआधी आणि त्यानंतरही पाहिली नाही. नदीवर निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. छकडा तिथे सोडला, आम्ही डोंग्यात बसलो, आणि बैल मोकळेच पाण्यातून पलीकडे नेले. नाक्यावरच्या शिपायाला काही कळेना. "पटवारीसाब, बैल जा रहे, गाडी किधर है?" आबाजी म्हणाले, "एक इधर है, एक उधर है." तो शिपाई आमचा डोंगा पार होईपर्यंत काठावर उभा होता.

तेलवाल्याची गाडीही तशीच. धक्का नाही, कलणं नाही. पण वास. इतक्या वर्षांचं जवसाचं आणि करडीचं तेल त्या लाकडात मुरलेलं, वरून वैशाखाचं ऊन. माझ्या लुगड्याला, केसांना, अंगाला तो वास लागला. लुगडं आईने पाठवलेलंच होतं. आबाजी पुढे बसून समाधानाने वाटेकडे पाहत होते आणि मी पदराने नाक धरून बसले होते.

माहेरच्या दारात गाडी थांबली. आई ओट्यावर बसून सुपात हरभरा चाचपत होती. मी धावत गेले नाही. पायरीशी जाऊन उभी राहिले. तिने मान वर केली, माझ्या दिशेने, थोडी बाजूला. मग तिने नाक जरा ओढलं आणि म्हणाली, "आज तेल नको गं बाई. परवाच घेतलं."

मी तिच्यापाशी बसले आणि तिचा हात हातात घेतला. तिची बोटं माझ्या हातावरून वर चढली, मनगटाशी आली आणि थांबली. वाकडं हाड तिने दोनदा चाचपलं. "यमे," ती म्हणाली. "सरळ नाई का गं बसलं हे?" मग तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेला, अगदी जवळ, आणि बराच वेळ पाहत राहिली. काय दिसलं असं मी विचारलं नाही. दिसलं असतं तर तिने आपणहून सांगितलं असतं.

परत येताना मी आबाजींना ते सांगितलं. सगळं. तेल नको म्हणाली, हे शब्दसुद्धा. छकड्यात आम्ही तिघंच होतो. ऐकून त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "माहा मुआयना कच्चा झाला. नाकानं पाह्यलं नाई मी."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "वासाचं नाई म्हनत मामाजी. उशिराचं म्हनते."

सांगवीची वेस आली तेव्हा, यांच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, बैलांच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "उशीर कोन्याच गाडीनं भरून निघत नाई, सूनबाई." त्यांनी माफी मागितली नाही. त्यांच्या पिढीत सुनेची माफी मागत नसत, आणि मला ती नकोही होती. मला माझ्या आईचं ते एक वर्ष हवं होतं. ते त्यांच्यापाशी नव्हतं.

पण त्यानंतर या माणसाने मला दुसऱ्या बाजूने छळलं. पंचमी आली, पोळा आला, भुलाबाई आली, की पहाटेच छकड्याला वंगण देऊन, बैल जुंपून, दारात उभे. "निघ." मी म्हणायची, मामाजी, अंगणात वाळवण पडलं आहे. "वाळते." पुढे मला पोर झालं, तेव्हा मी म्हणायची, पोराचं अंग गरम आहे. "तिकडं आजी पाह्यते त्याले." चुलीवरची भाजी शिजू देत नसत, भाकरी फडक्यात बांधून वाटेत खा म्हणत. आधी तीन वर्षं मला हलू दिलं नाही आणि मग घरात टिकू देईनात. पलीकडे जाताना आईसाठी त्यांच्या पिशवीत काहीतरी असे, कधी सीताफळं, कधी नवा मध, आणि ते कसून पाहून घेतलेलं असे.

तेलाची गाडी त्यांनी रिठ्याच्या पाण्याने स्वतः घासली. दोनदा घासली. तिसऱ्यांदा बादली घेऊन निघाले तेव्हा मी थांबवलं. कारण तोवर आईला त्या वासाची सवय झाली होती. गाडी वळणावर असतानाच ती ओट्यावरून उठून उभी राही आणि घरात हाक मारी, "आली, माही तेलवाली आली." त्या वासावर ती मला सगळ्यांच्या आधी ओळखत असे. मी आबाजींना एवढंच म्हटलं, "राहू द्या. वास मंजूर हाये."

आबाजी गेले ते आई गेल्यानंतर, एका हिवाळ्यात, ताप येऊन. शेवटच्या दुखण्यात त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून कोणीतरी मोटार आणली होती, जुनीच. त्यांनी खाटेवरूनच विचारलं, कोन्या वाटेनं चालली आजवर? सडकेनं, असं उत्तर आलं. त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांच्यावर शेवटचं चिडले ते तेव्हा. छकड्यात घालून निघेपर्यंत ते संपले होते.

तिरडी बांधली. पुढून उजवीकडे हे, मागून उजवीकडे माझा भाऊ, दोघेही ठेंगणे. डावीकडे गावातले दोन उंच गडी. "राम" म्हणून उचलली आणि तिरडी कलली. एक बाजू खाली गेली, आबाजींचं डोकं सरकलं, आणि लोक तशीच घेऊन निघाले. बायकांनी उंबऱ्याच्या आत राहायचं असतं. मी डोक्यावर पदर घेऊन आत उभी होते, आणि मला तो पऱ्हाटीच्या वावरातला दिवस आठवला, आणि मला कळायच्या आत मी अंगणात होते.

"थांबा," मी म्हटलं. "चार बोटं खाली हाये. खाली ठेवा."

सगळे वळले. पटवाऱ्याची सून पुरुषांच्या गर्दीत बोलते आहे, हे सांगवीने कधी पाहिलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, नदीपर्यंतच तर जायचं आहे. मी म्हटलं, "नामंजूर. हे अशे नाई जानार." यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा मान न डोलवता म्हणाले, "ठेवा खाली." तिरडी ठेवली. एक ठेंगणा आणि एक उंच शेजारीशेजारी होते ते बदलले; पुढे दोघे ठेंगणे घेतले, मागे दोघे उंच, आणि पुढच्यांच्या खांद्यांवर मी आमच्या छकड्यातली गोधडी घडी करून दिली. पुन्हा उचलली. मी दारातून वाकून खालून पाहिलं, जसे ते पाहत. सरळ होती.

लोक माझ्याकडे पाहत खोळंबले होते. मी पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "मंजूर. न्या आता."